टाकीतलं पाणी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कॉम्प्रेसरची धडधड नवी नाही. पण मी २४ लिटर टाकीचा छोटा कॉम्प्रेसर घरी आणला, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "आता पंक्चरचं दुकान काढणार का?" गाडीच्या चाकांत हवा भरायची, नातवाचा फुटबॉल फुगवायचा, (फुटबॉलशिवाय कोल्हापूर कसलं!) एवढाच त्याचा उपयोग.

तीन पावसाळे गेले. एकदा मिस्त्रींनी टाकीखालचा कॉक सोडला, तर पेलाभर तांबडं पाणी आलं. हवेच्या टाकीत पाणी कुठून?

"काका, पावसाळी हवा ही. आठपट दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. तांबडा रंग गंजाचा. टाकी आतून खाल्लीय. फुटली तर पत्रा उडतो."

आणि मी ती नातवाला शेजारी उभा करून चालवत होतो! वेल्डिंग करून द्या म्हटलं, तर मिस्त्रींनी साफ नकार दिला. आता नवा कॉम्प्रेसर आहे. काम झालं की वीज बंद करतो, दाब उतरवतो, कॉक सोडून पाणी काढतो आणि तो उघडाच ठेवतो. अंगावरची धूळ त्या हवेनं झटकायची नाही, हेही नातवाला बजावलंय.

जुनी टाकी भंगारात दिली; आधी तिला भोक पाडून घेतलं, कुणी पुन्हा हवा भरू नये म्हणून.