काचेच्या टाकीतलं पोवळं का मेलं?

मी रत्नागिरी तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. गटाच्या कर्जाबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो आहोत. म्हैस, शिलाई मशीन, काजूची भट्टी, सगळं झालं. आज बोलायचं आहे ते पोवळ्यांसाठी दिलेल्या कर्जाबद्दल.

आमच्या एका गटातल्या वहिनींनी गेल्या वर्षी वीस हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. मुलाला माशांची आवड. समुद्राच्या पाण्याची शोभेची टाकी तयार करायची आणि हॉटेलांना भाड्याने द्यायची, असा बेत होता. ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही मान डोलावली. मार्चअखेर टाकी आली, दोनशे लिटरची. त्याच आठवड्यात मासे आले आणि बाहेरच्या एका विक्रेत्याकडून जिवंत पोवळ्याचे सहा तुकडे आले. जूनच्या मध्यापर्यंत सहाही मेले होते.

आपण मंगळसूत्रात ओवतो ते लाल पोवळं वेगळं. टाकीत होतं ते खडकासारखं, कठीण पोवळं. दिसतं दगडासारखं, पण तो जीव आहे. शेकडो बारीक जीव एकत्र राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न शिजवतं आणि पोवळ्याला वाढतं. पोवळ्याचा रंगही बराचसा त्या शैवालाचाच.

पहिला तुकडा गेला तेव्हा वहिनींचा फोन आला, "ताई, काल तपकिरी होतं, आज पांढरं पडलं. रोग आला काय?" आम्ही शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या मुलाला बोलावलं. त्याने टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "काकू, आधी नोंदवही दाखवा. कधी काय घातलंत ते सांगा." वही नव्हती. मग आम्ही आठवून आठवून लिहून काढलं, आणि एकेक चूक दिसायला लागली.

पहिली चूक घाईची. दुधाला विरजण लागायला वेळ द्यावा लागतो, तसंच टाकीचं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी विषारी असतं. आमचे तुकडे पहिल्याच आठवड्यात आत गेले.

दुसरी चूक मिठाची. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. आमटी आटली तर आपण त्यात मीठ घालतो का? पाणीच घालतो ना! पण वहिनींचा मुलगा पाणी कमी झालं की मांडवीवरून समुद्राचं पाणी आणून ओतायचा. टाकी दर आठवड्याला जास्त खारट होत गेली. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं, शुद्ध पाणी घालायला हवं होतं. नळाचंही नाही, त्यात क्लोरीन असतो.

तिसरी चूक उष्म्याची. या पोवळ्यांना 25-26 अंशाचं पाणी मानवतं. मे महिन्यात दुपारी वीज गेली, पंखा बंद, पंप बंद, आणि पाणी तिशीच्या वर गेलं. पाणी असं तापलं की पोवळं अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पण पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही. अंगावर पातळ मांस शिल्लक असेल तर ते उपाशी आहे, पाणी निवलं तर सावरू शकतं. मांस सुटून खालचा चुना उघडा पडला, तर तो भाग गेलाच. आम्हाला हा फरक ठाऊक नव्हता. पांढरे तुकडे मेले समजून आम्ही त्यांच्यावरचा दिवाही बंद केला.

चौथी गोष्ट चुन्याची. समुद्रात लिटरमागे साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि समुद्र अथांग आहे. दोनशे लिटरच्या टाकीत पोवळं रोज चुना ओढतं आणि तो रोज कमी होतो. म्हणून परदेशात पोवळी पाळणारे लोक टाकीत मोजून चुन्याची निवळी घालतात. निवळी म्हणजे तीच, आपल्या ओळखीची. पण मोजमाप न करता घातली तर तीही मारते.

पाचवी चूक औषधाची. माशांवर पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध टाकलं. मासे वाचले, उरलेली पोवळी गेली. माशाचं औषध पोवळ्याला विष ठरतं. आजारी मासा वेगळ्या भांड्यात घेऊनच औषध द्यायचं असतं.

शेवटचा तुकडा पहिल्या पावसाने नेला. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी जूनमध्ये भरलेलं पाणी अर्धं नदीचंच होतं.

मैत्रिणींनो, रोग असा एकही नव्हता. पोवळं मेलं ते पाणी दर आठवड्याला बदलत राहिल्यामुळे. कधी जास्त खारट, कधी गोडं, कधी गरम.

आता सगळ्यात मोठी चूक सांगते, आणि ती माझी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सगळी कठीण पोवळी आहेत. वाघाला जेवढं संरक्षण, तेवढंच त्यांना. समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं, सगळा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. मेलेलं, वाळलेलं पोवळं शोकेसमध्ये ठेवलं तरी तेच. विक्रेत्याने कागद दिला नाही आणि ठरावावर सही होताना मी तो मागितला नाही. पोवळी जगली असती तर आम्ही ती हॉटेलात मांडली असती आणि अख्खा गट अडचणीत आला असता. आम्ही वनविभागाला जाऊन खरं ते सांगितलं आणि ते सांगाडे देऊन टाकले.

पोवळी पाहायचीच असतील तर ती समुद्रातच पाहावीत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, तिथे आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, तिथेही आहेत. टाकीत मे महिन्यात जे झालं, तेच समुद्र तापला की तिथे होतं. फक्त तिथे पंखा लावायला कोणी नसतं.

धंदा मात्र बंद करायचं कारण नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर महिलांचे गट शोभेचे मासे आणि कोळंब्या वाढवतात, सरकारी संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली. विदूषक मासा, म्हणजे तो केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा, हॅचरीत तयार होतो, समुद्रातून ओरबाडावा लागत नाही. आमच्या वहिनींच्या टाकीत आता तेच मासे आहेत, हॅचरीच्या पावतीसकट. मागे सिमेंटचा खडक आहे. कर्जाचे दरमहा हजार रुपये परत येत आहेत, आठ हप्ते राहिले.

तुमच्या गटात जिवंत वस्तूसाठी कर्जाचा अर्ज आला, तर ठरावाआधी तीन प्रश्न विचारा. हे विकायला कायद्याने मोकळीक आहे का? पावती कोणाची? आणि रोजची नोंद कोण लिहिणार? आमच्या टाकीशेजारी आता दोरीने बांधलेली वही असते. मीठ, उष्णता, काय घातलं, तारीखवार. मासिक बैठकीत मी हप्त्याच्या वहीआधी ती वही पाहते.