किनाबालूची राजा घटपर्णी

बोर्निओ बेटावर मलेशियाचं साबा राज्य आहे. तिथल्या किनाबालू आणि तांबुयुकोन या दोनच डोंगरांवर ‘नेपेंथिस राजा’ ही घटपर्णी उगवते. साधारण १५०० ते २६५० मीटर उंचीवर, धुक्यात, निकेलसारखे धातू असलेल्या निकस मातीत. सारावाकचे राजे जेम्स ब्रुक यांच्यावरून जोसेफ हूकर यांनी १८५९ मध्ये तिला हे नाव दिलं.

तिचा लालजांभळा घट पानाच्या टोकाशी वाढतो आणि जमिनीवर टेकतो. मोठ्या घटात तीन लिटरहून अधिक पाणी मावतं. मुंग्या त्यात पडतात, क्वचित उंदीरही बुडतो. पण खरी नवलाई वेगळीच. झाकणाच्या खालच्या बाजूला गोड रस पाझरतो. तो चाटायला दिवसा ट्री श्रू हा खारीसारखा प्राणी येतो, रात्री डोंगरी उंदीर. रसापर्यंत तोंड पोचवायचं तर घटाच्या काठावरच बसावं लागतं. चाटता चाटता विष्ठा थेट आत पडते आणि त्यातला नायट्रोजन झाडाला मिळतो! काठ आणि रस यांतलं अंतर ट्री श्रूच्या अंगाच्या लांबीशी जुळतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

जंगलातून आणलेल्या या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. आपल्या मेघालयातल्या घटपर्णीलाही तेच संरक्षण आहे. म्हणून रानातून उपटलेली घटपर्णी कुणी विकत असेल, तर कृपया घेऊ नका.