अंतिम न्याय आणि आपण



ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या अंती प्रभू येशू सर्वांचा न्याय करतील. मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात त्याची कसोटी दिली आहे : भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस. हे करणाऱ्यांना सार्वकालिक जीवन मिळते. आपल्याच जिल्ह्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना आसरा दिला, तो या श्रद्धेच्या बळावर.

बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या धम्मात न्याय करणारा ईश्वर नाही. म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. वंदना झाली, वर्गणी दिली, एवढ्याने भागत नाही. पवनानगरातील एखादे मूल फीअभावी शाळा सोडत असेल, तर जाब विचारणारे आपणच आणि देणारेही आपणच. जय भीम!