मुतखड्याची परीक्षा



वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. त्या उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगातील पाणी घामावाटे निघून जाते, लघवी थोडी व गडद होते आणि तिच्यातील क्षार स्फटिकरूपाने साचू लागतात. मुतखड्याचा जन्म बहुधा असा होतो. पाठीपासून जांघेपर्यंत असह्य कळ येते, औषधाने वा शस्त्रक्रियेने खडा निघतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखविला जातो आणि पुढे केव्हातरी उकिरड्यावर जातो. ही मोठीच हानी होय. प्रतिबंधक उपाय न केल्यास सुमारे निम्म्या रुग्णांना दहा वर्षांच्या आत पुन्हा खडा होतो. तो का झाला याची साक्ष देणारा पुरावाच तेवढा आपण फेकून देतो.

सर्व खडे सारखे नसतात, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार सांगितले असून पित्तज अश्मरीस बिब्ब्याच्या बीची, तर वातज अश्मरीस काटेरी कदंबपुष्पाची उपमा दिली आहे. युरोपात शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये खड्यातून युरिक आम्ल वेगळे केले. आज खड्याची भुकटी करून तिच्यातून अवरक्त किरण पाठवितात. प्रत्येक घटक ठरावीक लहरी शोषून घेतो, त्यावरून त्याची ओळख पटते. जुन्या रासायनिक पद्धतीपेक्षा ही पद्धत अधिक भरवशाची असून तिला चिमूटभर नमुना पुरतो. क्वचित प्रसंगी नमुना खडा नसून वाळूचा कण निघतो, हेही तपासणीशिवाय कळत नाही.

निदानावर उपचार अवलंबून असतो. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ते औषधाने विरघळत नाहीत. युरिक आम्लाचा खडा मात्र लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळविता येतो. साध्या क्ष-किरण चित्रात तो सहसा दिसत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे. मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचा खडा जंतुसंसर्गातून होतो. तो पूर्ण काढून संसर्ग निपटला नाही तर मूत्रपिंडच धोक्यात येते. सिस्टिनचा खडा आनुवंशिक असल्याने भावंडांचीही तपासणी करावी लागते. वारंवार खडे होणाऱ्यांची चोवीस तासांची लघवी साठवूनही तपासतात.

खडा कॅल्शियमचा आहे असे कळताच दूध-दही बंद करण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. तो चुकीचा आहे. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते तोडल्यास ऑक्झलेट अधिक शोषले जाते. कमी करावयाचे ते मीठ, आणि ऑक्झलेटचा खडा असल्यास पालक व चुका. दोष सहसा विहिरीच्या जड पाण्यावर ढकलला जातो. परंतु पाणी कसे आहे यापेक्षा ते किती प्यायले जाते याला अधिक महत्त्व आहे. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी हवे. शेतावर आडोसा नाही म्हणून स्त्रिया दिवसभर पाणी टाळतात, हा प्रश्न वैद्याचा कमी आणि पंचायतीचा अधिक आहे.

वाशीम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. खड्याची तपासणी जिल्ह्यातच व्हावी, ही अपेक्षा त्यामुळे रास्त ठरते. तोवर दूरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठविण्यास अडचण नाही, कारण वाळलेला खडा नासत नाही. कळ येऊ लागल्यापासून लघवी मलमलच्या फडक्यातून गाळावी. सापडलेला कण स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून कोरड्या बाटलीत ठेवावा. त्यास चिकटपट्टी लावू नये, फॉर्मेलिनमध्ये बुडवू नये. बाटलीवर रुग्णाचे नाव, वय व खडा मिळाल्याची तारीख लिहावी आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास काढलेले तुकडे डॉक्टरांकडे आवर्जून मागावेत.