पळत्या चित्रांची वही



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, अध्यात्म, शेती असे भारदस्त विषय व्हावयाचे. तेथे आम्ही मुलांच्या वहीचा कोपरा घेऊन उभे राहिलो, याचे कोणाला हसू आले तर आमची तक्रार नाही. गणिताचा तास चालू असतो आणि मागच्या बाकावरचा मुलगा वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एकेक पैलवान काढीत असतो. मग अंगठ्याखालून पाने झरझर सोडली, की तो पैलवान शड्डू ठोकतो, वाकतो, कोलांटी घेतो. गुरुजी कान पिळतात. तो अधिकार त्यांच्याकडे राहू द्यावा. पण मुलाच्या हातून काय घडले तेही ओळखावे, एवढीच आमची विनंती आहे. इंग्रजीत जिला फ्लिप बुक म्हणतात, ती ही पळत्या चित्रांची वही सिनेमाची वडील बहीण आहे.

तिची जन्मतारीखही सांगता येते. बर्मिंगहॅम येथील जॉन बार्न्स लिनेट या मुद्रकाने १८ मार्च १८६८ रोजी तिचे पेटंट घेतले. त्यापूर्वी, १८३२ साली, बेल्जममधील प्लातो याने चित्रांची फिरती तबकडी केली होती. परंतु तबकडीवरचा घोडा घाण्याच्या बैलासारखा. कितीही धावला तरी पुन्हा त्याच जागी. वहीला मात्र पहिले पान असते आणि शेवटचेही असते. चित्र निघाले ते कोठेतरी पोहोचले. म्हणजे त्यात गोष्ट आली. पुढे अमेरिकेत हर्मन कॅस्लर याने अशी शेकडो चित्रे एका चाकावर बसवून म्यूटोस्कोप नावाची पेटी केली. नाणे टाकावे, दांडा फिरवावा आणि भिंगातून पाहावे.

आपल्याकडेही ही ओढ होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' हा जादूच्या दिव्याचा खेळ सुरू केला. काचांवर हातांनी रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडून आणि ती झपाट्याने बदलून ते पुराणातील पात्रे हालती करीत. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविला गेला, त्याच्याही आधीची ही गोष्ट.

आता प्रश्न असा, की चित्र हालते कोठे? कागदावर तर नव्हे. प्रत्येक पानावरचा पैलवान जागच्या जागी थिजलेला असतो. डोळ्यांत मागील प्रतिमा क्षणभर टिकते म्हणून हा भास होतो, असे जुनी पुस्तके सांगत. तेवढ्याने हे कोडे सुटत नाही. १९१२ साली माक्स वेर्टहायमर या शास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखविले, की दोन स्थिर खुणा योग्य अंतराने एकामागून एक दिसल्या, तर त्यांमधली गती मन स्वतः भरून काढते. चित्रकार दोन टोके देतो. मधला पूल पाहणारा बांधतो.

योगायोग पाहा. त्याच १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके मुंबईत एका कुंडीपुढे कॅमेरा लावून बसले होते. कुंडीत वाटाणा पेरलेला. महिनाभराहून अधिक काळ ते ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. आणि ती फिल्म चालविली तेव्हा जमिनीतून अंकुर फुटून बघता बघता वेल वर चढला. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. आपल्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशी एक वाटाणा आहे, हे आपण विसरू नये. १९१५ साली दादासाहेबांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडी किंचित सरकवावी, चित्र घ्यावे, पुन्हा सरकवावी. वहीच्या पानांचाच हा प्रकार. ती फिल्म आज उपलब्ध नाही.

दादासाहेब जादूचे प्रयोगही करीत. स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' म्हणवीत. पालीच्या खंडोबाच्या यात्रेला जाणाऱ्या आपणां मंडळींना जादूगार नवा नाही. त्याचा सारा जीव लपविण्यात असतो. युक्ती उघडी पडली की खेळ संपला. पळत्या चित्रांच्या वहीत उलटे आहे. पाने सावकाश उलटा, सारी युक्ती उघडी. पुन्हा झरझर सोडा, जादू कायम! दादासाहेबांनीही 'चित्रपट कसे तयार करतात' हे दाखविणारी फिल्म १९१७ साली काढली. त्यामुळे प्रेक्षक काही पांगले नाहीत.

ही वही करावयास फारसे काही लागत नाही. दोनशे पानी वहीत शंभर कागद. सेकंदाला दहा सुटले, तर दहा सेकंदांचा खेळ. चित्र शेवटच्या पानापासून काढीत पुढे यावे, म्हणजे वरच्या कागदातून खालचे चित्र अंधुक दिसते आणि नवे किती सरकवायचे ते कळते. उडालेली विटी काढायची असेल, तर दांडूजवळ चित्रे दूर दूर काढावीत आणि वर जाता जाता जवळ जवळ आणावीत. कारण वर चढणारी वस्तू मंदावते. हे ज्या मुलाने एकदा काढले, त्याला गती आणि वेग यांतला भेद नुसत्या व्याख्येने शिकवावा लागत नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात हालती चित्रे आहेत. बोट काचेवरून फिरते आणि चित्रे येतच राहतात. ती कोणी जोडली, मधले काय गाळले, न घडलेले काय घातले, हे पाहणाऱ्याला दिसत नाही. खऱ्याखोट्याची भेसळ करणे तर आता फार सोपे झाले आहे. अशा वेळी मुलांच्या हातून चित्रे काढून घेऊन आपण त्यांना शहाणे करू शकणार नाही. ज्याने शंभर पाने स्वतः रंगविली, तो पुढे कोणतेही चित्र पाहताना मनात विचारील, 'दोन पानांच्या मध्ये काय होते?' आणि एवढे विचारूनही त्याचा आनंद रतीभर कमी होणार नाही. डोळसपणा आणि आनंद एकत्र नांदू शकतात, हे शिकविणारी दुसरी इतकी स्वस्त शाळा आम्हांला माहीत नाही.

म्हणून गुरुजींनी कान जरूर पिळावा. पण त्याआधी ती वही हाती घेऊन पाने एकदा झरझर सोडून पाहावीत.