घरच्या नळाचा गळका पाईप घरीच दुरुस्त करा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पिकाला पाणी देताना आपण काटकसर करतो. ठिबकची नळी तुटली तर त्याच दिवशी जोडतो. परंतु घराकडे येणारा पाईप गोठ्याच्या भिंतीलगत महिनोन्महिने झिरपत असतो, तेव्हा 'प्लंबर आला की बघू' म्हणून सोडून देतो. एका सांध्यासाठी तालुक्याहून प्लंबर लवकर येत नाही. खरे पाहता हे काम आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे.

प्रथम नुकसानीचा हिशेब पाहू. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. टाकीतून येणाऱ्या, सतत भरलेल्या पाईपच्या गळतीखाली तासभर बादली ठेवून पाहा. तासाला १० लिटर जमले तर दिवसाचे २४० लिटर झाले. जवळजवळ एका कुटुंबाचे पाणी मातीत गेले!

दुसरे नुकसान याहून मोठे आहे. गावचे पाणी ठरावीक वेळी सुटते. ते बंद झाले की पाईपातील दाब उतरतो आणि त्याच भेगेतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. पाईप गटाराजवळून किंवा शेणाच्या खड्ड्याजवळून गेला असेल तर कावीळ, हगवण, गॅस्ट्रो असे आजार घरात येतात. म्हणून गळती लहान असली तरी थांबवलीच पाहिजे.

गळती कशी ओळखावी?

रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीला कोळशाने खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर कोठेतरी गळती आहे. पाईपच्या वाटेवर ओल, हिरवे गवत किंवा खचलेली माती दिसते का ते पाहावे. नुसता नळ ठिबकत असेल तर बहुधा वायसर बदलल्याने काम होते.

पीव्हीसी पाईपची दुरुस्ती

साहित्य : लोखंड कापायची करवत, पॉलिश पेपर, कोरडे फडके, त्याच मापाचा पाईपचा तुकडा, दोन कपलर आणि पीव्हीसीचे सोल्युशन.

१) पाणी बंद करून खालचा नळ उघडावा व पाईप रिकामा होऊ द्यावा. जवळ विजेची मोटार असल्यास मेन स्विच बंद करावा.

२) गळतीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन फूट माती काढावी. पाईपची टोके थोडी उचलता आली तरच नवा तुकडा बसतो. भिंतीजवळ टोक हलत नसेल तर एका बाजूला युनियन वापरावे.

३) फुटका भाग सरळ कापावा. चीर पुढे गेलेली नाही याची खात्री करावी. नवा तुकडा काढलेल्या भागापेक्षा किंचित कमी लांबीचा घ्यावा.

४) कापलेल्या कडांचा भुसा काढावा. टोके पॉलिश पेपरने घासून पूर्ण कोरडी करावीत. ओल्या पाईपवर सोल्युशन धरत नाही. बहुतेक सांधे येथेच फसतात.

५) पाईपच्या बाहेरून व कपलरच्या आतून सोल्युशनचा पातळ थर द्यावा. पाईप शेवटपर्यंत दाबून पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. आधी नव्या तुकड्याला दोन्ही कपलर बसवावेत, नंतर ते जुन्या टोकांना जोडावेत.

६) डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. शक्य असल्यास एक दिवस थांबून पाणी सोडावे.

सोल्युशन पेट घेते, त्याची वाफही बाधते. काम उघड्यावर करावे, जवळ विडी-काडी ओढू नये. पुष्कळ जण पाईप जाळावर तापवून एकमेकांत घुसवतात. त्याने पाईपची जाडी कमी होते, धूर विषारी असतो आणि दाबाखाली तो सांधा पुन्हा सुटतो. तसे करू नये.

इतर पाईप

काळ्या एचडीपीई पाईपला सोल्युशन चिकटत नाही. त्यासाठी आवळून बसवण्याचे जोड मिळतात. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाईपला त्याचेच वेगळे सोल्युशन लागते. जीआय पाईपचा आटा गळत असेल तर सांधा खोलून, आटे साफ करून, आटे आवळतात त्याच दिशेने टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे द्यावेत. गंजून भोक पडले असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी क्लॅम्पने आवळता येते. मात्र हा तात्पुरता उपाय आहे. तो तुकडा लवकरच बदलावा.

पाणी सोडल्यावर सांधा उघडा ठेवूनच तपासावा. पहिले पाणी वाहू द्यावे व त्या दिवशी पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पाईपखाली-वर दगडगोटे नसलेली बारीक माती घालावी. बैलगाडी, ट्रॅक्टर जातो तेथे पाईप दोन फूट तरी खोल असावा. गावच्या मुख्य वाहिनीला मात्र स्वतः हात लावू नये. तेथील गळती ग्रामपंचायतीला कळवावी.

एक करवत, दोन कपलर व सोल्युशनचा लहान डबा घरात ठेवा आणि हे काम घरातील मुलामुलींनाही शिकवा. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागण्यापूर्वी आपल्या घराचा पाईप एकदा तपासून घ्या, एवढीच विनंती.