अवजड वाहनाचे सारथ्य

सोलापूर-नाशिककडचा कांदा बंगळूरच्या यशवंतपूर बाजारात उतरतो, तेव्हा त्याच्या भावाची चर्चा पुष्कळ होते. तो आणणाऱ्या चालकाची फारशी होत नाही. पुण्याहून निघालेल्या चालकाने सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर ही गावे मागे टाकीत आठशेहून अधिक किलोमीटरांची वाट तुडविलेली असते. बंगळुरात गर्दीच्या वेळी अवजड मालमोटारींना मज्जाव असल्यामुळे त्याचा शहरप्रवेश बहुधा रात्री किंवा पहाटे होतो. एवढे ओझे ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याची पात्रता समाज कशी पारखतो, हे पाहण्यासारखे आहे.

कायद्याने यासाठी एक जिनाच बांधला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे घरची मोटार अठराव्या वर्षी चालविता येते. अवजड वाहनासाठी मात्र वयाची वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असल्यावाचून अवजड वाहन शिकण्याचा परवानाही मिळत नाही. त्यानंतर दृष्टीचा, श्रवणाचा आणि रंग ओळखण्याचा डॉक्टरी दाखला, प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र आणि अखेरीस प्रत्यक्ष परीक्षा. हाती आलेला परवानाही कायमचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत पाच वर्षांची आहे. पूर्वी उमेदवाराला आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. शाळा अर्धवट सुटलेल्या कुशल हातांना काम मिळावे म्हणून ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली.

साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्यापलीकडे निराळी पात्रता लागते. आणि बारा हजार किलोंपलीकडील मालवाहू वाहनास कायदा ‘अवजड’ म्हणतो.

वजनाला एवढे महत्त्व का? बैलगाडीच्या वाटेत मूल आले, तर गाडीवान डुलकी घेत असला तरी बैल थबकण्याची आशा असते. यंत्राला अशी जाण नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मालमोटार एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर सरते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. शिवाय उंच आसनावरून दूरचा रस्ता स्वच्छ दिसला, तरी गाडीच्या अगदी पुढचा आणि डाव्या कुशीचा भाग दिसत नाही. सायकलवाला आणि पादचारी नेमके तेथेच असतात.

परीक्षेत गाडी मागे घेणे, चढावर थांबवून पुन्हा चालू करणे, आरशाचा उपयोग करणे, खुणा ओळखणे, हे सारे पाहिले जाते. बंगळूरच्या ज्ञानभारती भागात माणसाच्या नजरेऐवजी यंत्राने चुका टिपणारा चाचणी-मार्गही आहे. परंतु कोणतीही चाचणी काही मिनिटांची असते, आणि रस्ता रात्रभराचा. त्याच महामार्गावर पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले नव्हते, उतारावर इंजिन बंद ठेवण्यात आले होते, असे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. इंधन वाचविण्याच्या मोहाने काही चालक असे करतात. इंजिन थांबले की ब्रेकची हवा पुन्हा भरत नाही, चाक जड होते आणि इंजिनाचा धाक सुटलेली गाडी उताराच्या स्वाधीन होते. हे ज्ञान हाताचे नव्हे, समजुतीचे आहे.

पूर्वी ही समजूत क्लीनरच्या उमेदवारीत मिळे. वर्षानुवर्षे गाडी धुता धुता, चाके बदलता बदलता, पोरगा उस्तादाशेजारी बसून रस्ता वाचावयास शिके. त्यात टक्केटोणपे होते, कधी मारही होता. पण घाई नव्हती. आता तिची जागा प्रशिक्षणाने घ्यावयाची आहे. २०२१ पासून मान्यताप्राप्त केंद्रांत अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत अडतीस तासांचा पाठ्यक्रम ठरलेला आहे. तो पुरा करून केंद्राच्या परीक्षेत उतरणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चाचणीची सूट मिळते. म्हणूनच ते अडतीस तास खरोखर शिकविले गेले पाहिजेत. न शिकविता दिलेले प्रमाणपत्र उमेदवारावर उपकार करीत नाही. धडकेत सर्वांत पुढे बसलेला तोच असतो.

आणि पात्रता केवळ चालकाचीच पाहून भागत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सामान्यतः दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. पहाटेच्या बाजारभावासाठी मालक आणि व्यापारी घाई करतात, तेव्हा उत्तम परवानाधारकही झोपेपुढे अपात्र ठरतो. परवान्यावरची मुदत पाच वर्षांची असते. जागेपणाची मुदत तेवढी लांब नसते. सारथ्याची पात्रता कागदावर एकदा ठरते, पण आसनावर बसताना ती दररोज नव्याने सिद्ध करावी लागते. चालकाला ती सिद्ध करण्याइतकी विश्रांती मिळू देणे, हे ज्यांचा माल तो वाहतो त्यांचे काम आहे.